किल्ली कुणाकडे आहे?

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. सहा कुटुंबांची तुझी ख्रिस्ती मंडळी आता चाळीस माणसांवर गेली, हे वाचून तिथंच डोळे मिटून देवाचे आभार मानले. पण शेवटी तू लिहिलंस, ‘सगळं मलाच बघावं लागतं, दुसरं आहे कोण?’ त्या ओळीवर मी अडलो. माझ्या मंडळीचा पाळक म्हणून हेच वाक्य मी पाच वर्षं बोलत होतो.

उपासनागृहाची किल्ली माझ्या खिशात, दानाची वही माझ्या कपाटात. गीतं मी निवडायची, आजाऱ्यांना मीच भेटायचं. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, तुझ्यापासून काय लपवू? मग तापाने मी तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. पहिल्याच रविवारी लोक आले आणि कुलूप बघून परत गेले. किल्ली मागायला यावं, हेही कुणाला सुचलं नाही. पाळक नसताना उपासना होते, हे मी त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. त्या दिवशी मला फार रडू आलं.

बायबलमधल्या निर्गमच्या 18व्या अध्यायातला इथ्रो, मोशेचा सासरा, मी त्या आजारपणात पुन्हा वाचला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला. सासरा एकच दिवस पाहतो आणि सांगतो, हे बरं नव्हे. तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. आपण आपल्या झिजण्याचं ऐकतो, लोकांचं विसरतो. तुझ्या दाराशी वाट बघत बसलेली माणसंही दमतात रे. म्हणून तर त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितले. तू दहांपासून सुरुवात कर.

माणसं कशी निवडावी, असं विचारशील. बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय सावकाश वाच. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती, आमच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, तक्रार दाबली नाही आणि पंगतीची सेवा स्वतःच्या अंगावरही घेतली नाही. मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. निवडलेली सातही नावं बघ, स्तेफनपासून निकलावापर्यंत सगळी ग्रीक आहेत! मला वाटतं, ज्यांचं दुखत होतं त्यांच्यातलीच माणसं पुढे आणली. तुझ्याकडे जी बहीण सारखी कुरकुर करते असं तू लिहिलंस, तिच्याशी एकदा शांतपणे बस. कदाचित तिला दिसतं ते तुला दिसत नसेल.

मात्र घाई नको. छान बोलतो किंवा भरपूर दान देतो म्हणून कुणाला मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, करू नकोस. नवशिक्याला अध्यक्ष करू नये, असं प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, स्पष्ट सांगतो. तो गर्वाने फुगून पडेल म्हणून. आधी लहान काम दे, वर्षभर पाहा, घरी कसा वागतो ते बघ.

पैशाला एकट्याने हात लावू नकोस, ही माझी हात जोडून विनंती आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठीचं दान नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ धाडले, त्यातला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. त्याच्यासारख्याला ही काळजी घ्यावीशी वाटली. माझ्या वहीत एक पैसाही कमी नव्हता, तरी कुजबुज झाली, आणि एक चांगलं कुटुंब कायमचं दुरावलं. उपासना संपताच दोघांनी मोजावं, तिसऱ्याने लिहावं.

इफिस शहरात पौल तीन वर्षं राहिला आणि शेवटी मिलेत बंदरात इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतलं. पुन्हा तोंड दिसणार नाही, मागून मंडळीत लांडग्यांसारखी माणसं येतील, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने त्यांना देवाच्या हाती सोपवलं आणि जहाजावर चढला. गळ्यात पडून सगळे रडले. एवढं प्रेम असूनही त्याने मंडळी सोडली, यावर मी अजून विचार करतो.

पुढच्या महिन्यात मी येतोय. मला उपदेशाला उभं करू नकोस. तू लिहिलेला तो तरुण, ज्याचं वाचन चांगलं आहे, त्याला संधी दे. आपण दोघं मागच्या बाकावर बसू. आणि त्या रविवारी दार कोण उघडणार, ते आत्ताच ठरव.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
प्रभूमधला भाऊ