विष कोणासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोंबड्या मारणाऱ्या मुंगसासाठी अंड्यात विष घालून ठेवा, असा सल्ला देणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. मीही परसात कोंबड्या पाळते, त्यामुळे लेखकाचा संताप कळतो. पण कोंबड्या मध्यरात्री मारल्या गेल्या, असे त्यांनीच लिहिले आहे. मुंगूस दिवसा शिकार करते. रात्री ते बिळात असते. तेव्हा मारेकरी बहुधा दुसराच.

खुणा नीट पाहिल्या तर अंदाज येतो. उघड्यावर पिसांचा ढीग असेल तर शिकारी पक्षी. तो जागीच बसून पिसे उपटतो. अख्खी कोंबडी नाहीशी झाली, तर कोल्हा किंवा रानमांजर. जाळीलगत धड आहे, मुंडके नाही, म्हणजे कोणीतरी बाहेरूनच पंजा घातला. आणि पुष्कळ मेल्या, पण खाल्ली एकही नाही, तर पहिला संशय कुत्र्यांवर घ्यावा. त्यात पाळीव कुत्रीही आली! (हे मी शेजारी बोलून दाखवले, तेव्हापासून बोलणे बंद आहे.)

‘खायचे नाही तर मारतो कशाला? विकृतच!’ असेही त्या पत्रात आहे. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमक्या याच प्रश्नावर लिहिले. मिट्ट काळोखात जमिनीवर बसलेले कुरव पक्षी उडत नाहीत. अशा रात्री कोल्हे खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारतात, हे त्याने पाहिले होते. भक्ष्य पळत नाही, म्हणून मारणे थांबत नाही. बंद खुराड्यात कोंबडी तरी कुठे पळणार?

म्हणून खर्च करायचा तो खुराड्यावर. कोंबडीजाळी म्हणून मिळणारी ती पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, एवढेच. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी लावावी, वरूनही. बुडाशी तीच जाळी बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट आडवी अंथरून मातीने झाकावी. उकरणारे जनावर भिंतीला नाक लावूनच उकरते. चार पावले मागे जाऊन उकरावे, हे त्याला सुचत नाही. कडी नुसती अडकवू नये, तिच्यात खिळा घालावा. तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून आत जातात, दार लावायला माणसेच टीव्हीसमोरून उठत नाहीत. खुडूक कोंबडी तेवढी बाहेर कुठेतरी अंड्यांवर बसून राहते. तिला रात्री उचलून आत आणावे लागते.

विषाची अंडी मांजर खाईल, कुत्रा खाईल, एखादे मूलही हात लावील. उंदरांच्या विषातले ब्रोडिफॅकम तर मेलेल्या उंदरावाटे घुबडाच्या यकृतात जाऊन साठते. मग खुराड्यातले उंदीर कोण खाणार? शिवाय एक जनावर मेले की मोकळ्या जागेत दुसरे येते, आणि जाळी तीच फाटकी.

आपण ते पत्र छापलेत. आता विषाच्या धोक्याचा खुलासाही तेवढ्याच ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक