दादाच्या गोळीबद्दल

प्रिय सुधीर,

पत्र मिळालं. दादाला कॅन्सरवरच्या नव्या गोळीच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत घेणार म्हणतोस आणि पुढे विचारतोस, "गुण येईल ना?" माझं रोजचंच काम हे, त्यामुळे गोड बोलून वेळ मारून नेत नाही. पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः एवढंच बघते की माणसाला किती डोस झेपतो.

रूढ पद्धत अशी: आधी तिघांना कमी डोस. पहिले तीन-चार आठवडे कुणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना जास्त. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला की मागे यायचं. म्हणजे दादा कितव्या गटात, हा कळीचा प्रश्न. सुरुवातीच्या गटात त्रास कमी, पण औषधही नावापुरतंच. डॉक्टरांना हे सरळ विचार, भीड बाळगू नकोस.

इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या गोळीचं उदाहरण कुणीतरी तुला ऐकवेलच. 1998 साली सुरू झालेल्या त्याच्या पहिल्याच चाचणीत 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या 54 पैकी 53 जणांचे रक्ताचे रिपोर्ट ताळ्यावर आले. पण तो रक्ताचा कॅन्सर, तोही जुनाट अवस्थेतला, एकाच बिघडलेल्या प्रथिनाच्या जोरावर चालणारा. एरवीचं चित्र वेगळं: अमेरिकेतल्या 1991 ते 2002 मधल्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब झालाय, जवळपास 12,000 रुग्णांचा: शंभरात दहा-अकरा जणांचा आजार मागे हटला, नुसतं एकच नवं औषध होतं तिथे चार-पाच जणांचा. औषधानेच दगावले ते साधारण दोनशेत एक. दादाला हे आकडे सांगायचे की नाही ते तू ठरव. मी असतो तर सांगितले असते.

पहिला दिवस फार कंटाळवाणा जातो. बहुतेक उपाशीपोटी गोळी, हाताला सुई लावलेली, मग अर्ध्या तासाने, तासाने, दोन, चार, आठ तासांनी रक्त, परत दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वेटर आणि वाचायला काहीतरी दे. ॲसिडिटीची गोळी तो मनानेच घेतो ना? आधी विचारल्याशिवाय अजिबात नाही. पोटातलं ॲसिड कमी झालं की काही औषधं नीट विरघळत नाहीत. उलटी झाली म्हणून दुसरी गोळीही घ्यायची नाही, फोन करायचा. रिकामी पाकिटं फेकू नका, दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजून घेतात.

सही केली तरी कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही. वहिनींना हे मुद्दाम सांग, त्या सहीलाच घाबरल्या असतील. संमतीपत्राची प्रत मला पाठव. त्रासांच्या यादीची पानं आपण फोनवर एकत्र वाचू.

तुझा,
विनू