चिन्हांवर बंदी आणायची तर कायदा नेमका पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठं स्टेटसवरून, कुठं झेंड्यावरून वाद पेटला की दुसऱ्या दिवशी मागणी सुरू होते, त्या चिन्हावर बंदीच घाला. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून कशी दंगल झाली ते सगळ्यांनी बघितलंय. द्वेषाची चिन्हं मिरवून दुसऱ्याला धमकावणाऱ्यांना आवर घातलाच पाहिजे, पण बंदीचा कायदा मोघम असला की काय होतं हे सोलापूरकरांनी तरी विसरू नये.

मे 1930 मध्ये इंग्रज सरकारने आपल्या गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला तेव्हा तिरंगा लावणं गुन्हा होता, गांधी टोपी घातली म्हणून लोकांना त्रास दिला. पुढं 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या सरकारच्या लेखी आपला झेंडाच धोकादायक होता! म्हणून कुठलं चिन्ह वाईट हे ठरवायचा मोकळा अधिकार कुठल्याच साहेबाच्या हातात नको, सरकार मग कुणाचंही असो.

जर्मनीत नाझी चिन्ह मिरवलं तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मात्र शिकवणं, संशोधन, कला, बातमी यांना त्यात सूट आहे. तरी तिथं नाझींच्या विरोधात, त्या चिन्हावर काट मारलेले बिल्ले विकणाऱ्यालाच खालच्या कोर्टाने दंड केला आणि 2007 मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला, म्हणजे इतका जुना कायदा असून पण असं होतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैन लोकांचं धार्मिक स्वस्तिक कायद्यातच वगळलं, हे मला फार आवडलं. उंबऱ्यापुढच्या रांगोळीतलं स्वस्तिक काढणाऱ्या बाईला पोलिसांपुढं खुलासा द्यायची वेळच यायला नको.

आपल्याकडे काहीच कायदा नाही असं पण नाही. आधी भारतीय दंड संहितेचं 153अ कलम होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं 196 कलम आहे, त्यात चिन्हांनी तेढ पसरवणं सुद्धा येतं. आणि प्रत्येक ठिकाणी पोलीसच लागतात असंही नाही, 2006 मध्ये खारघरला एका हॉटेलने हिटलरचं नाव लावलं होतं, ज्यू समाजाने विरोध केल्यावर मालकाने नाव बदललं.

तरी नवीन कायदा आणायचाच असेल तर आमदार-खासदारांनी एवढं बघावं की बंदी असलेली चिन्हं नावानिशी लिहिलेली असतील, पूजा, शिक्षण, बातमी आणि निषेध यांना स्पष्ट सूट असेल, आणि यादीत नवीन चिन्ह घालायचं तर ते सभागृहात चर्चा होऊनच घालावं, रातोरात आदेश काढून नको.

आपला,
एक वाचक, सोलापूर