दोर रंगमंचावर आणायचा नाही

ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
ऑगस्ट अखेर

प्रिय प्रभाकर,
सप्रेम नमस्कार.

रोवणी आटोपली. बांध्या तुडुंब आहेत, धान कापणीला येईपर्यंत माझा हात मोकळा आहे. वडसाच्या एका नाटक कंपनीला यंदाच्या सीझनसाठी नवं नाटक द्यायचं कबूल केलंय. दोन अंक लिहून झाले, तिसऱ्यावरून मालकाशी वाद पेटलाय. त्या वादात मला तुझ्यासारखा वकील हवा आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी नाटक सांगतो. दयेचा अर्ज फेटाळला गेलेल्या कैद्यांना घेऊन एक चॅनेल रिॲलिटी शो काढतं. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय ना, की अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावे. माणसाने मनाची तयारी करावी, घरच्यांना भेटून घ्यावं, कायद्याची एखादी वाट उरली असेल तर ती धरावी. माझ्या नाटकातलं चॅनेल नेमके तेच चौदा दिवस विकत घेतं. चौदा दिवस, चौदा एपिसोड. चार कैदी. लोकांनी मोबाईलवरून मतं द्यायची, आणि सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्याची फाशी जन्मठेपेवर यायची.

चौघांतला एक आपल्याकडचा सालदार आहे. बाकीच्यांपैकी एक गातो, एक आईच्या आठवणीने रडतो, एकाला इंग्रजी येतं. या सालदाराला काहीच येत नाही. निवेदिका गोड बोलून विचारते, तेव्हा तो म्हणतो, "मी काय सांगू जी? सारं कोर्टात सांगतलं." एवढंच. चौदा दिवसांत त्याची वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रभाकर, माझा सारा जीव या पात्रात आहे. जगायचं असेल तर आधी चांगलं बोलता आलं पाहिजे, ही अट मला त्या दोरापेक्षा क्रूर वाटते. आणि ती काही चॅनेलनेच आणली असं नाही. तुमच्या कोर्टातही ज्याच्याकडे चांगला वकील नसतो त्याचं काय होतं, हे तू मला रात्र रात्र सांगितलं आहेस.

दुसरा अंक सालदाराच्या गावात घडतो. पावसाळ्यात नाला आडवा येतो आणि गाव तुटतं. पोरांची शाळा बुडते, बाळंतिणीला खाटेवर टाकून न्यावं लागतं. प्रायोजक जाहीर करतो की ज्या गावाचा माणूस शेवटपर्यंत टिकेल त्या गावाला पूल बांधून देऊ. गाव वर्गणी काढून रिचार्ज मारतं, ज्यांनी त्याच्या बायकोला कधी दारात उभं केलं नाही ते तिच्याकडे चहा प्यायला जातात. मग कॅमेरेवाले येतात. ती रडते. उजेड बरोबर नव्हता म्हणून तिला पुन्हा रडायला सांगतात. ती पदर नीट करते, खुर्चीवर बसते, बराच वेळ प्रयत्न करते आणि म्हणते, "मघाशी आलं होतं जी, आता कोठून आनू?" हा प्रवेश मी वाचून दाखवला तेव्हा हार्मोनियमवाल्याने पेटीवरचा हात काढून घेतला.

तेराव्या एपिसोडला चॅनेल नियम बदलतं. पूल हवा असेल तर चौदावा एपिसोड गाजला पाहिजे, आणि तो गाजायचा तर फाशी थेट दाखवली पाहिजे. हो की नाही ते गावाने ठरवायचं. ग्रामसभा बसते.

इथेच मालक अडून बसलेत. त्यांना रंगमंचावर फाशीचा तख्ता हवा आहे. लाल लाईट, खटका, दोर, वरून पडणारा माणूस. "पब्लिक याच सीनले येईन जी. मंडळवाले बुकिंगच्या वेळी विचारतात, नवीन काय हाय म्हणून." माणूस वाईट नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत कलाकार, वादक, लाईटवाले, मंडपवाले, साऱ्यांची पोटं त्यांना सांभाळायची असतात. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, एकाच रात्री शेजारच्या गावात दुसरं नाटक लागलेलं असतं, हे मलाही कळतं. पण मी ठाम आहे. दोर दाखवला की आपलं नाटक त्या चॅनेलचा चौदावा एपिसोड होतं. रात्रभर आपण ज्याला नावं ठेवली तोच माल पहाटे आपण तिकीट लावून विकायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

मालकांचा दुसरा मुद्दा, "असं कुठं होते काय?" मी त्यांना चीनचं सांगितलं. हेनान प्रांतातल्या एका वाहिनीवर २००६ पासून दर आठवड्याला डिंग यू नावाची निवेदिका मृत्युदंड झालेल्या कैद्यांच्या मुलाखती घ्यायची. दोनशेहून जास्त कैदी तिच्यासमोर बसले, आणि काहींची शिक्षा मुलाखतीनंतर थोड्याच दिवसांत अमलात आली. परदेशात बोभाटा झाल्यावर २०१२ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. आपल्याकडे १९८१ मध्ये प्रभा दत्त या पत्रकार फाशीची शिक्षा झालेल्या रंगा आणि बिल्लाला भेटण्याची परवानगी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने ती दिली, पण कैदी स्वतः तयार असेल तरच, असं बजावून. माझा सालदार कागदावर अंगठा देतो, तेव्हा त्याला कोणीतरी हे समजावून सांगतं का, हा प्रश्न पहिल्या अंकात यायला हवा. त्याची जागा तू सुचव.

आणि नागपूरची ती रात्र तर आपण दोघांनी पाहिली आहे. २०१५ चा जुलै, याकूब मेमनची फाशी. मी तुझ्याकडे मुक्कामी होतो. पहाटे तीन वाजता दिल्लीत सर्वोच्च न्यायालय उघडलं, इकडे तुरुंगाबाहेर कॅमेरे लागलेले, आणि तुझ्या सगळ्या गल्लीत टीव्हीचा उजेड. मुंबईच्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांचं दुःख मी तसूभरही कमी लेखत नाही. पण त्या रात्री टीव्हीवर त्या घरांबद्दल किती वेळ बोललं गेलं? सारं लक्ष घड्याळाकडे होतं. शेजारचा पोरगा गॅलरीतून ओरडून विचारत होता, "झालं का?" तो आवाज माझ्या नाटकातल्या निवेदिकेच्या तोंडी आला आहे.

तूच मला सांगितलेली दोन प्रकरणंही तिसऱ्या अंकात डोक्यात ठेवली आहेत. भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी २००९ मध्ये ज्या सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली, तिघांची तर जन्मठेप वाढवून फाशी केली, त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. आणि नागपूरच्या तुरुंगातून मार्च २०२३ मध्ये सुटलेला तो राजस्थानी कैदी. १९९४ च्या गुन्ह्यात फाशी झालेली, आणि शाळेच्या नोंदीवरून निघालं काय, तर गुन्ह्याच्या वेळी पोरगा साडेबारा वर्षांचा होता! अठ्ठावीस वर्षं आत. चौदा दिवसांत मतं मोजून मोकळं होणाऱ्या खेळात शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कोण उघडून पाहणार? म्हणून ग्रामसभेत मी एक म्हातारे मास्तर आणलेत. त्यांच्या हातात तेच रजिस्टर आहे. पण विषयपत्रिकेत त्यांचा विषय नाही, म्हणून त्यांना बोलायला मिळत नाही.

शेवट मला असा हवा आहे. हात वर होतात. सचिव ठराव शब्दन् शब्द वाचतो, सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव, सर्वानुमते मंजूर. सालदाराची बायको उठून विचारते, "सर्वानुमते कसा जी? मी इथंच बसून हाव." सचिव खोडत नाही, पुढचा विषय घेतो. लगेच पुलाच्या उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि पडदा. फाशी कुठेच दिसत नाही.

आता तुझं काम. दया अर्ज फेटाळल्यावरही कोर्टात जाण्याच्या ज्या वाटा उरतात, त्या मला सोप्या भाषेत लिहून पाठव. मास्तरांच्या तोंडी एक तरी वाक्य कायद्यात बसणारं हवं. आणि दसऱ्याला तालीम सुरू होईल तेव्हा दोन दिवस काढून वडसाला ये. मालक माझं ऐकत नाहीत, पण काळ्या कोटाचं ऐकतील. नाहीच ऐकलं, तर संहिता परत घेईन आणि यंदा गावच्या हौशी मंडळाला फुकट देईन, हे त्यांना मी सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. उत्तर पोस्टानेच पाठव, इथे रेंजचा भरवसा नाही.

तुझा,
वसंता