आजारी मुलाला न्यायचं कुठं?

मा. संपादक,

स. न. पावसाळ्यात ताप, खोकला, जुलाब घरोघरी सुरू होतात आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न उठतो: पोराला न्यायचं कुठं? उत्तर बहुतेक वेळा कोणता दवाखाना जवळ आहे, कोणता डॉक्टर ओळखीचा आहे आणि हातात पैसे किती आहेत यावर ठरते. खरे तर ते मुलाच्या लक्षणांवरून ठरायला हवे. ही लक्षणे घरच्या माणसांना ओळखता येतात, म्हणून हे पत्र.

मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही, पोटात गेलेले सगळे उलटून पडते, झटके येतात, किंवा हलवूनही नीट जागे होत नाही. पाच वर्षांखालील मुलात यांतले एक जरी दिसले तरी त्याला रुग्णालयात भरतीच करावे लागते. गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून घरी आणणे म्हणजे रात्र वाया घालवणे.

खोकला असेल तर श्वास मोजावा. मूल शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर, झबले वर करून पोटाकडे पाहावे. पोट वर आले की एक. मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावावेत. 15 सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नये. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर ऑक्सिजन लागू शकतो. मग जिथे तो चोवीस तास मिळतो तिथेच जावे. हे मोजणे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांनाही ते शिकवले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले.

दोन महिन्यांखालच्या बाळाचा हिशेब वेगळा. दूध ओढणे मंदावले, हात-पाय गार पडले, हालचाल कमी झाली, ताप 37.5 अंश सेल्सिअस किंवा वर गेला, किंवा श्वास 60 किंवा जास्त भरले, तर सकाळची वाट पाहू नये. 28 दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्ष, म्हणजे एसएनसीयू असतो. त्याहून मोठे बाळ बालरोग विभागात घेतात; हे माहीत नसल्याने लोक दारात ताटकळतात. नेताना बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे, डोक्याला टोपडे बांधावे. नुसते दुपट्यात गुंडाळून मोटारसायकलवर नेलेले बाळ पोचेपर्यंत गारठते आणि मूळ आजारावर थंडीची भर पडते.

जुलाबाचे मूल पीत असेल, लघवी होत असेल, तर ओआरएस आणि झिंक यांवर घरी सांभाळता येते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. थोडी पूड पेल्यात टाकून देऊ नये. पाणी कमी पडले तर क्षार जास्त होतात आणि ते मुलाला बाधते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू खाली बसली, की रुग्णालय.

डेंग्यूत सर्वाधिक फसगत ताप उतरल्यावर होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप गेला, पण पोट दुखतेय, उलट्या थांबत नाहीत, हात-पाय गार आहेत किंवा हिरड्यांतून रक्त येतेय, तर मूल बरे झालेले नसून गंभीर झालेले असते. कोकणात विंचू चावलेल्या मुलाला घाम, उलट्या आणि गार हात-पाय दिसले तर प्राझोसिन मिळेल अशा जवळच्या केंद्रात धावावे. या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आहे. आधी मांत्रिक आणि मग दवाखाना, या क्रमात जीव जातात.

मोठा गोंधळ मात्र रस्त्यात होतो. आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा, अशा प्रत्येक मुक्कामी तास-दोन तास जातात. निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: बालरोगतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, ऑक्सिजन आहे का, खाट रिकामी आहे का. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबायचे ते प्रतिजैविकाचा पहिला डोस आणि संदर्भचिठ्ठी घेण्यापुरतेच; सलाइन लावून ‘बघू संध्याकाळपर्यंत’ यासाठी नाही. चिठ्ठीवर कोणते औषध, किती, किती वाजता दिले हे लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या डॉक्टरला अंदाज बांधत बसावे लागत नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे, की प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या फलकावर एक तक्ता लावावा: रात्री बालरोगतज्ज्ञ कुठे मिळतात, ऑक्सिजन कुठे आहे, विंचू-सर्पदंशाची औषधे कुठे शिल्लक आहेत, आणि त्या-त्या ठिकाणचा चालू असलेला फोन नंबर. तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपासला जावा आणि तपासल्याची तारीख खाली लिहिली जावी.

– ग्रामीण भागात काम करणारे काही बालरोगतज्ज्ञ व परिचारिका