अर्ध्यावर अडकलेले कासव

निशिकासाई, तोक्यो
९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीने, मनूने, काढून पाठवलेल्या चित्रपट्ट्या पोहोचल्या आणि तुम्ही त्या आईला चष्मा लावून वाचून दाखवल्यात, हे ऐकून मनू दोन दिवस घरभर मिरवत होती. चौकटी वरून खाली का आणि तिच्या गोष्टीतले कासव रूप पालटताना दर वेळी अर्धवटच का राहते, हे तुमचे दोन्ही प्रश्न फोनवर मला धड उलगडून सांगता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

इथल्या वर्तमानपत्रांत चार चौकटींची उभी चित्रपट्टी असते; तिला 'योनकोमा' म्हणतात. हासेगावा माचिको या चित्रकर्तीची 'साझाए-सान' ही अशीच पट्टी १९४६ साली सुरू झाली, पुढे 'आसाही शिंबुन'मध्ये गेली आणि १९७४पर्यंत चालली. या चार चौकटींची कामे ठरलेली असतात, आणि त्यांची नावे जुन्या चिनी कवितेच्या रचनेतून आली आहेत : 'कि' म्हणजे आरंभ, 'शो' म्हणजे तोच धागा पुढे नेणे, 'तेन' म्हणजे वळण आणि 'केत्सु' म्हणजे गाठ मारणे. विनोदाची सगळी मदार तिसऱ्या चौकटीवर असते. मनूची पात्रे रूप पालटणारी असल्यामुळे तिला ही चौकट आयतीच मिळाली. पात्र जिथे रूप बदलते तिथेच गोष्टही वळते.

पात्रे तीनच, आणि तिन्ही मुठीत मावणारी. कारासु म्हणजे कावळा; त्याची छत्री होते. नेको म्हणजे मांजर. तिचा भात शिजवण्याचा कुकर होतो, आणि झाकण उघडायला गेले की ती फिसकारते. कासवाला जपानीत 'कामे' म्हणतात, हे कळल्यावर तुम्ही "नाव कामे आणि काम एकही नाही," असे म्हणालात, ते मनूने लगेच पुढच्या पट्टीत घालून टाकले. या कामेचे गजराचे घड्याळ व्हायचे असते. पण पाठीची तबकडी फिरते, काटे बाहेर येतात आणि नेमके मागचे दोन पाय आत जायचे राहून जातात. मग ते घड्याळ उशीजवळून हळूहळू चालत निघून जाते आणि मालकाला जाग येते ती दुपारी.

मला सर्वांत आवडली ती कावळ्याची पट्टी. पावसात कारासु छत्री होतो, मालक त्याला आगगाडीत विसरतो, छत्री हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा होते, आणि रात्री दिवे मालवल्यावर कळते की तिथल्या शंभर छत्र्या म्हणजे शंभर कावळेच आहेत. इथे पावसाळ्यात लोक किती छत्र्या गाडीत विसरतात हे पाहिल्यावर मलाही त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही.

अशा रूप पालटणाऱ्या खेळण्यांची परंपरा इथली जुनी आहे. ताकारा या जपानी कंपनीचे रूप पालटणारे यंत्रमानव अमेरिकेच्या हॅस्ब्रोने १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकायला काढले. त्यांत टेपरेकॉर्डरच्या पोटातली एक कॅसेट उलगडून जॅग्वार व्हायची. तुमच्या अभंगांच्या कॅसेटमधून असे जनावर उडी मारून बाहेर आले असते तर आईने टेपरेकॉर्डर अंगणातच नेऊन ठेवला असता!

कासवाच्या अडकण्याला मात्र एक खरा आधार आहे. तोच ताकाराचा कारखाना, आता टोमी या दुसऱ्या खेळणी कंपनीशी एक होऊन ताकारा टोमी झालेला, जाक्सा या जपानच्या अंतराळसंस्थेबरोबर, सोनी आणि दोशिशा विद्यापीठ यांच्या साथीने, सोरा-क्यू नावाचा लहानसा यंत्रगोल घडवत होता. व्यास सुमारे ८ सेंटिमीटर, वजन सुमारे २५० ग्रॅम. चंद्रावर टाकल्यावर हा चेंडू मधोमध उघडतो आणि त्याचे दोन अर्धगोल वाळू ढकलत पुढे सरकतात. ही चाल वाळूवर धडपडणाऱ्या समुद्री कासवाच्या पिल्लांवरून सुचली असे वाचले, तेव्हा मला थेट कोकणातले वेळास आठवले. तुम्ही आम्हाला पहाटे तिथल्या किनाऱ्यावर उभे करून "पुढे जाऊ नका, त्यांचे त्यांना जाऊ द्या," असे दटावले होतेत, ते मनूला मी पुन्हा पुन्हा सांगते.

२० जानेवारी २०२४ रोजी सोरा-क्यूला घेऊन गेलेले जाक्साचे स्लिम हे यान चंद्रावर उतरले. ठरलेल्या जागेपासून जेमतेम ५५ मीटरवर, म्हणजे अचूकपणा वाखाणण्यासारखा, पण शेवटच्या टप्प्यात दोनांपैकी एक मुख्य इंजिन निकामी झाल्यामुळे ते नाकावर उभे राहिले. त्याआधीच बाहेर पडलेल्या या चिमुकल्या कासवाने त्याचे छायाचित्र टिपले, आणि सगळ्या जपानने आपले यान डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पाहिले. मनू तेव्हा पाच वर्षांची होती आणि ते पाहून पोट धरून हसली. तिच्यासाठी ती आयती चौथी चौकट होती. तेव्हापासून तिचे मत ठाम आहे की पूर्ण प्राणीही हसवत नाही आणि पूर्ण वस्तूही हसवत नाही. हसू येते ते मधल्या अवस्थेला. सोरा-क्यूची तंतोतंत मापाची खेळण्यातली प्रतिकृती २७,५०० येनांना मिळत होती, तिच्यासाठी हट्ट झाला, पण मी कागद आणि रंग आणून वेळ मारून नेली.

आता काम तुमच्याकडे. जपानी चित्रपट्टीत आवाज चित्रातच लिहितात, आणि मनूने मराठी आवृत्ती काढायला घेतली आहे. झाकण बसल्याचा 'खट्ट' तिला मिळाला, पण कवच निम्मे मिटून अडकते त्या क्षणाचा आवाज मला सुचत नाही. 'कर्रर्र' तिने नाकारला, कारण तो दाराचा आहे, आणि 'खुळ्ळ' तिला खुळखुळ्याचा वाटतो. तुम्ही इतकी वर्षे भिंतीवरचे घड्याळ स्वतः उघडून दुरुस्त करत आला आहात. किल्ली देताना स्प्रिंग मध्येच अडते तेव्हा जो आवाज होतो तो अक्षरांत कसा लिहायचा, ते कळवावे. आईलाही विचारा, तिचा कान अधिक तिखट आहे.

आईला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद. पुढच्या पाकिटात नेकोच्या चार पट्ट्या आहेत. त्यांतली भात करपल्याची आईने वाचून झाल्यावर माझ्यावर रागावू नये, ती कल्पना मनूच्या बाबांची आहे.

तुमची लेक,
सुमन