‘ध’चा ‘मा’ करणारा हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत झाला. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की एखाददुसऱ्या शाळेला पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्यावरच्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाची (१९४४) आठवण होते. पण पुष्कळदा दरबाराचा तुकडा तेवढा लावला जातो. रामशास्त्र्यांच्या भूमिकेतले गजानन जागीरदार खुनाबद्दल राघोबादादांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ ठणकावतात, टाळ्या पडतात, तास संपतो. झाले मूल्यशिक्षण!

मुलांना हे प्रायश्चित्त म्हणजे फाशीची शिक्षा वाटते. ती शिक्षा नव्हे. प्रायश्चित्त हा धर्मशास्त्राचा शब्द; ते दोषी माणसाने स्वतः घ्यायचे असते. शास्त्रीबुवा शास्त्रार्थ सांगणार, अंमलबजावणी पेशव्यांच्या हाती. आणि इथे आरोपीच, म्हणजे नारायणरावांचे काका राघोबादादा, गादीवर. तेव्हा शास्त्रीबुवांजवळ एकच हत्यार उरले: तुम्ही कारभारी आहात तोवर चाकरी करणार नाही, पुण्यातही येणार नाही. हे सांगून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. टाळ्या द्यायच्याच तर त्या जाण्याला द्याव्यात.

त्याआधीची चौकशी तर कुणाच्या लक्षातच राहत नाही. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तिला सुमारे सहा आठवडे लागल्याचे म्हटले आहे. पडद्यावर ती झटपट उरकणारच. शिवाय दुसऱ्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म दुर्मीळ होती आणि सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली होती. मिनिटाला ९० फूट, म्हणजे जेमतेम दोन तास. त्यात बालपण, काशी, माधवराव आणि खून, सगळे बसवायचे. संथ, कंटाळवाणे, साक्षी नोंदवण्याचे काम पहिले कापले जाते. न्यायाचे मुख्य काम मात्र तेच.

आता खटकणारी गोष्ट. न्यायावरच्या या चित्रपटात राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंना न्याय मिळत नाही. ललिता पवारांनी भूमिका इतकी जबरदस्त केली आहे की ‘ध’चा ‘मा’ त्यांनीच केला, याबद्दल प्रेक्षकाला शंका उरत नाही. डफ काय म्हणतो? गारद्यांना, म्हणजे पदरच्या भाडोत्री शिपायांना, दिलेल्या हुकुमात ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले रामशास्त्र्यांना आढळले. पण बदलणारा हात कुणाचा, इथे आल्यावर त्याच्याकडे साक्ष नाही. आनंदीबाईंनी केले असा सर्वांचा समज आहे, एवढेच. समज म्हणजे पुरावा नव्हे, हे ज्या माणसाकडून शिकायचे, त्याच्याच चित्रपटात ही चूक व्हावी!

वर्गात हे करून पाहता येते. मोडी ही जुनी लिपी जाणणाऱ्या कुणाकडून फळ्यावर दोन्ही शब्द लिहून घ्यावेत. मोडी हात न उचलता सलग लिहितात, शब्दांत मोकळी जागा सोडत नाहीत. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला ‘ध’ मोडून ‘म’ करायचा आणि वर काना घुसवायचा. तो काना कुठे बसणार, मागची रेघ जाड होईल का, शाई जुळेल का, हे मुले आपणहून विचारू लागतात.

चित्रपट एका बैठकीत दाखवू नये. ४० मिनिटांच्या तीन तासिका लागतात. दुसरी खुनाच्या आसपास थांबवावी आणि वहीत तीन रकाने आखायला सांगावेत: डोळ्यांनी कुणी पाहिले, कुणी नुसते ऐकले, फायदा कुणाचा. तिसऱ्या रकान्यात आनंदीबाईंचे नाव लगेच येते. पहिला रकाना भरताना वर्ग गप्प होतो. निवाडा त्यानंतरच दाखवावा. आधी दाखवला की मुले उत्तराला जुळेल असाच पुरावा लिहितात.

प्रोजेक्टर लावणाऱ्यांसाठी एक विनंती. जुनी फिल्म जवळपास चारास तीन प्रमाणाची असते. ती आजच्या रुंद पडद्यावर ताणून भरू नये, नाहीतर पगड्या चपट्या आणि चेहरे भोपळ्यासारखे दिसतात, आणि ऐन निवाड्याच्या वेळी वर्ग हसतो. सेटिंगमध्ये ४:३ निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तरी चालेल. आवाजाचा खर्ज कमी करावा, कारण सभागृहात तो घुमतो आणि शास्त्रीबुवांचे शब्द कळत नाहीत.

– चित्रपट रसास्वाद शिकवणारे दोन शिक्षक, एरंडवणे, पुणे